खेळत नाही, बनवतोय म्हणतो

"मॅडम, तो म्हणतो मी गेम खेळत नाही, गेम बनवतोय. आम्ही खरं मानायचं का?"

मुलांची समुपदेशक म्हणून हा प्रश्न हल्ली मला महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतो. पूर्वी पालक मोबाइल काढून घ्यावा का, एवढंच विचारायचे. आता पोरं ब्लेंडर, गोडो, युनिटी अशी गेम बनवायच्या सॉफ्टवेअरची नावं फेकतात आणि आई-वडिलांना ती औषधांच्या नावांसारखी वाटतात. बरं होण्यासाठी घेतात की नशेसाठी, कळायला मार्ग नाही.

ओंकारची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, घरचे थोडे तपशीलही. कोल्हापूरचा, अकरावी सायन्सचा. वडील उद्यमनगरात पॅटर्न मेकर, म्हणजे फाउंड्रीत बिडाचा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना घडवणारे कारागीर. पहिल्या दिवशी ते गप्पच बसले होते. बोलल्या त्या आई. "रात्री तीनला पाणी प्यायला उठले तर याच्या दाराखालून उजेड. विचारलं तर म्हणतो, झालंच. फिजिक्सला पन्नासपैकी चौदा पडलेत. आणि वर साठ हजारांचा लॅपटॉप मागतोय."

त्या दिवशी मी एक चूक केली, ती आधी सांगते. ओंकारशी नीट बोलण्याआधीच मी त्याला गेमिंगच्या व्यसनाची प्रश्नावली भरायला दिली. त्याने दोन मिनिटांत सगळीकडे 'नाही'वर खुणा केल्या, कागद परत दिला आणि उरलेला वेळ पंख्याकडे बघत बसला. पोराला चोर ठरवून मग त्याच्याकडून खरं बोलण्याची अपेक्षा करण्यासारखं झालं ते.

निदानाचं म्हणाल तर 'गेमिंग डिसऑर्डर' हा शब्द कागदावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या यादीत तो घेतला, यादीला २०१९मध्ये मान्यता मिळाली आणि २०२२पासून ती लागू झाली. पण त्यात तासांची मोजदाद नाही. खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळ्यापेक्षा खेळच मोठा झालाय का, नुकसान दिसत असूनही ते चालूच आहे का, आणि हे साधारण वर्षभर दिसतंय का, असं बघतात. पालक मात्र येतात ते घड्याळ घेऊन. "सहा तास बसतो हो!" सहा तास तबला वाजवला असता तर मला फोन आला नसता.

दुसऱ्या वेळी मी ओंकारला सांगितलं, काय बनवतोस ते घेऊन ये. तो जुना लॅपटॉप घेऊन आला, चार्जर काढला की बंद पडणारा. त्यावर लगोरीचा गेम होता. कोल्हापूरची एक गल्ली, दगडी जोती, कोपऱ्यात हापसा, मध्ये सात ठिकऱ्या एकावर एक. मला वाटलं आता चेंडू मारायचा. तेवढ्यात चेंडू न लागताच ठिकऱ्या थरथरायला लागल्या आणि आपोआप कोसळल्या.

"हेच," तो म्हणाला. पहिल्यांदा त्याच्या आवाजात जीव आला होता. "तीन रात्री हेच करतोय."

मग त्याने मला समजावलं. संगणक एका सेकंदात साठ वेळा प्रत्येक ठिकरीचं वजन, घर्षण आणि तिच्यावरचा दाब मोजतो. दर वेळी बारीकशी चूक राहते. एका ठिकरीची चूक वरच्या ठिकरीला मिळते, तिची तिच्या वरच्या, आणि सातव्या ठिकरीपर्यंत भूकंप होतो. त्याने घर्षण वाढवून पाहिलं, वजन बदललं, ठिकऱ्यांच्या कडा जाड केल्या. शेवटी उपाय सापडला तो साधाच: चेंडू लागेपर्यंत ठिकऱ्या गोठवून ठेवायच्या, लागला की त्याच क्षणी मोकळ्या सोडायच्या. पन्नासपैकी चौदा मिळवणारा हा मुलगा मला घर्षणाचा गुणांक शिकवत होता.

इथेच ही गोष्ट संपवून 'पालकहो, मुलांवर विश्वास ठेवा' म्हणता आलं असतं. पण मी आणखी एक गोष्ट विचारली. "असे एकूण किती?"

एकोणीस फोल्डर निघाले. भुताचा वाडा, रंकाळ्यावरची होडीची शर्यत, एक अंतराळयान, एक नुसतंच 'नवीन'. पूर्ण झालेला एकही नाही. मी म्हटलं, तारखेप्रमाणे लाव. मग त्याच्याच फोनवर कॉलेजच्या परीक्षांचं वेळापत्रक उघडायला सांगितलं आणि दोन्ही शेजारी ठेवले. मी काही बोलले नाही. तो वरून खाली बघत गेला आणि मध्येच थांबला. एकोणीसपैकी चौदा फोल्डर चाचणीच्या आधीच्या आठवड्यात सुरू झालेले होते.

"मी बनवतोच ना पण," तो म्हणाला. खरं होतं ते. आईचा संशयही खरा होता. फक्त तो पळून जात होता ते खेळायला नव्हे, नवीन फोल्डर उघडायला. सुरुवात करताना कुणी गुण देत नाही, चुका काढत नाही. कुठलीही नवी कल्पना पहिल्या रात्री सुंदरच असते. ठिकऱ्या कोसळायला लागल्या की तिचाही फिजिक्सचा पेपर होतो.

तिसऱ्या भेटीला वडिलांना बोलावलं. ओंकार नाखूश होता, तेही. ओंकार गेममधल्या गल्लीतला जुना बिडाचा हापसा पडद्यावर फिरवून दाखवत होता. या वस्तू जाळीसारख्या छोट्या त्रिकोणांच्या बनलेल्या असतात. आधी त्याने या एका हापशाला चाळीस हजार त्रिकोण दिले होते, लॅपटॉप गुदमरला म्हणून ते नऊशेवर आणले. त्याचा त्याला अभिमान होता. वडील चष्मा वर करून पुढे झुकले.

"हँडल बरोबर आहे. बॉडीला टेपर नाही."

"म्हणजे?"

"सरळ उभी भिंत केलीस. पॅटर्न वाळूतून वर ओढताना साचा फाटेल की. एक-दीड अंश उतार पाहिजे."

"गेममध्ये ओतायचं नाहीये पप्पा."

"ओतायचं नसू दे. पण खऱ्या हापशाला असतोय तो उतार. म्हणून तुझा हापसा प्लॅस्टिकचा वाटतोय."

ओंकारने तिथल्या तिथे बाजूचे बिंदू आत ओढले. हापसा खरंच जड दिसायला लागला. मग पुढची पंचवीस मिनिटं मला खोलीत काही काम नव्हतं. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न साधारण एक टक्का मोठा करायचा, हे वडील सांगत होते आणि पोरगं वहीत लिहून घेत होतं. फिजिक्सची वही होती ती.

समेट वगैरे झाला असं मी म्हणणार नाही. लॅपटॉपला वडिलांनी नाही म्हटलं आणि मी त्यांच्याच बाजूने होते. ब्लेंडर आणि गोडो दोन्ही फुकट आहेत, आणि नऊशे त्रिकोणांचा हापसा जुन्या यंत्रावरही चालतो. साठ हजारांचं यंत्र आणलं असतं तर त्यावर विसावा फोल्डर उघडला असता एवढंच. ठरलं ते असं: अठरा फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकून आईच्या कपाटात. लगोरी तेवढी ठेवायची, तीही एक गल्ली, एक चेंडू, सात ठिकऱ्या, दुसरं काही नाही. दिवाळीपर्यंत पाच मित्रांच्या फोनवर चालली पाहिजे. रात्री बाराला बंद. बारा मला उशीरच वाटत होते, अकरावर ओंकार तयार नव्हता, सोडून दिलं.

करिअरचा विषय आईंनी काढलाच. इंजिनीअरिंग सोडायचं का? मी म्हटलं, आज काहीच सोडायचं नाही. डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते, ती बारावीच्या कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येते, पण लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच. अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, प्रवेश परीक्षा वेगळी. एनआयडीचा डिजिटल गेम डिझाइनचा अभ्यासक्रम बेंगळुरूच्या केंद्रात आहे आणि तो पदव्युत्तर आहे, म्हणजे इंजिनीअर होऊनही ते दार उघडंच राहतं. हे ऐकून वडील जरा सैल झाले. ओंकारचा चेहरा मात्र उतरला, कारण यूसीडमध्ये हाताने चित्र काढावं लागतं हे त्याला ठाऊक नव्हतं. माउसने हापसा घडवणाऱ्या पोराला पेन्सिलने साधी बादली काढता येत नव्हती. मी सांगितलं, रोज घरातली एक वस्तू काढ, वाईट काढ, पण पान भर.

लगोरी दिवाळीला नाही, डिसेंबरात झाली. पाचपैकी दोन फोन मध्येच बंद पडले. वडिलांनी खेळून सांगितलं, चेंडू फार हलका आहे. फिजिक्समध्ये पुढच्या परीक्षेला बावीस.

फेब्रुवारीत आईंचा फोन आला. आवाज चिंतेचा वाटला म्हणून मीच विचारलं, पुन्हा जागतोय का?

"नाही, बाराला झोपतो. साडेबारा होतात कधी. पण मॅडम, नवीन फोल्डर उघडलाय."

"कधी?"

"परीक्षेच्या आधीच्या रविवारी."

"तुम्ही तपासलंत का?"

"मी कशाला तपासू, मला त्यातलं काय कळतंय? त्यानंच येऊन दाखवला. म्हणाला, आई, बघ तारीख."