इंजिन ४७००वर अडतंय? पंख्याचा पिच कमी करा

तुमची १८ फुटी फायबर बोट, ६० एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (मागे टांगलेलं इंजिन), पंखा म्हणजे प्रोपेलर १४ पिचचा. एकटे असताना फुल थ्रॉटलला ५३०० आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आणि २७ नॉट, घरची सहा माणसं बसली की ४७०० आणि २१ नॉट. बोट नाक वर करूनच चालते, लवकर उचलत नाही, आणि दुकानदार म्हणतो स्टेनलेसचा पंखा घ्या. माझं ऐकाल तर ॲल्युमिनियमचाच घ्या, पण ११ पिचचा.

पंख्यावर कोरलेल्या दोन आकड्यांपैकी पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पाणी लाकडासारखं घट्ट असतं, तर स्क्रूसारखा एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे गेला असता, तो पिच. तुमच्या मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलची मर्यादा ५००० ते ६००० दिली आहे. म्हणजे माणसं भरली की तुमचं इंजिन मर्यादेच्या खाली दबून चालतंय. भरलेली गाडी चौथ्या गिअरमध्ये आंबोली घाट चढवण्यातलाच हा प्रकार. अशाने इंजिन तापतं, कार्बन धरतं, पिस्टनवर नको तेवढा ताण येतो, आणि हे वर्षभर कळतही नाही.

पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. ११ घेतलात तर सहा माणसांत ५२००च्या आसपास याल, एकटे असताना ५९००पर्यंत. १० घेऊ नका, एकटे असताना ६०००च्या वर जाल. एकट्याने जाताना तीन-चार नॉट कमी पडतील, ते सोसा. बोट कुटुंबासाठी घेतली आहे ना? मग पंखाही भरलेल्या बोटीचा हिशेब करूनच निवडायचा.

तरी पैसे खर्च करण्याआधी एक हिशेब करा. आरपीएमला पिचने गुणा; गिअर रेशोला (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनचे किती फेरे) १२१५ने गुणा; पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं, की नॉटमधला कागदी वेग येतो. तुमचा रेशो १.८५, म्हणून ४७००ला २९ नॉट यायला हवेत. जीपीएस २१ दाखवतो, म्हणजे २८ टक्के स्लिप, कागदी वेगातला वाया गेलेला भाग. एकटे असताना ती १८ आहे, तेवढी चालते. २८ मात्र जास्त आहे. बोट पाण्यातच उभी असते का? तळावर शेवाळ आणि शिंपली धरली असतील तर आधी खरवडून काढा आणि पुन्हा मोजा. सगळं वजन मागेच बसत असेल तर दोघांना पुढे बसवून बघा.

आता स्टेनलेसबद्दल. पाती पातळ आणि ताठ असतात, वेग थोडा जास्त मिळतो, हे खरं. पण मालवणच्या पाण्यात मी ते एकदाच वापरलं. ओहोटीला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकावर पंखा आपटला. पात्याला नखाएवढी खोच पडली, आणि खालच्या गिअरबॉक्समधले दात मोडले. ॲल्युमिनियमचं पातं वाकलं असतं, पंखा बदलून मी त्याच दिवशी घरी गेलो असतो. चार पात्यांचा पंखा लाटेत पकड चांगली धरतो, पण त्याच पिचला आरपीएम आणखी उतरवतो, त्यामुळे तुम्हाला आत्ता तो नको.

पंखा बदलताना चावी काढून ठेवा आणि गिअर न्यूट्रलमध्ये घ्या. जुना पंखा उतरला की शाफ्टवर मासेमारीची तंगूस गुंडाळली गेली आहे का ते हाताचं बोट फिरवून बघा. ती ऑइल सील कापते, मग गिअर ऑइलमध्ये पाणी शिरून ते ताकासारखं पांढरं होतं. शाफ्टला मरीन ग्रीस लावा, वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने बसवा, स्प्लिट पिन नवी घाला. नव्या पंख्याच्या आतल्या बुशपासून बाहेरच्या नळीपर्यंत पेंटची एक सरळ रेघ मारून ठेवा. पुढे कधी आरपीएम चढले पण बोट पुढे सरकली नाही, तर ती रेघ बघा. तुटलेली दिसली तर बुश आणि नळी यांच्यामधलं रबर फिरलंय.

नवा पंखा लावलात की सहा माणसं बसवून, शांत पाण्यात, फुल थ्रॉटलचा आकडा घ्या आणि इथे लिहा. ५२००पेक्षा कमी आला तर इंजिनची उंची बघू.