क्रिटिकल केअरमध्ये संशोधन करायचं तर देश सोडावाच लागतो का?

तुम्ही विचारलंय की एमडी मेडिसिनचं शेवटचं वर्ष आहे, पुढे क्रिटिकल केअर, म्हणजे आयसीयूतल्या अत्यवस्थ पेशंटवरच्या उपचारांचं स्पेशलायझेशन, करायचं आहे, पण नुसत्या ड्युट्या नकोत, संशोधनही करायचं आहे. आणि सीनियर सांगतात की भारतातल्या आयसीयूत संशोधन होत नाही, त्यासाठी बाहेर जावं लागतं. हेच वाक्य रेसिडेंट असताना मलाही ऐकवलं गेलं होतं. ज्या सरांनी ऐकवलं त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. म्हणून लिहायला बसले.

मराठवाड्यातलं एक सरकारी मेडिकल कॉलेज, साल २००८ च्या आसपास. पाऊस सुरू झाला की फवारण्या सुरू व्हायच्या आणि मागोमाग आमच्याकडे ओपी पॉइझनिंगच्या, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेच्या केसेस. कुणी फवारता फवारता चक्कर येऊन पडलेला, कुणी जिवाला कंटाळलेला. आयसीयूत खाट नसली की पेशंट वॉर्डात, तिथेही नसली की खाली गादीवर. अ‍ॅट्रोपिन हे या विषावरचं औषध, ते छातीतला स्राव सुकवतं. अ‍ॅट्रोपिनचं एक अ‍ॅम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमचं, त्यामुळे एकेका पेशंटसाठी ट्रेभर अ‍ॅम्प्यूल्स फोडायची. वॉर्डबॉय मामा घशातला स्राव ओढायचं सक्शन धरून उभे, सिस्टर काचा बाजूला सारत औषध ओढतायत, नातेवाईक हातात चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलकडे पळतायत, अशी ती रात्र असायची.

आता अ‍ॅट्रोपिन द्यायचं कसं, यावर प्रत्येक युनिटचं वेगळं मत. सोमवारचं युनिट पंधरा-पंधरा मिनिटांनी ठरावीक बोलस, म्हणजे एकदम टोचायचा डोस, द्यायचं, मंगळवारचं थेट ड्रिप लावायचं, आणि कित्येक जण औषधाने डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या की हात आखडता घ्यायचे. ओपीचा पेशंट मुख्यतः जातो तो श्वासाने. छाती स्रावाने भरते आणि श्वासाचे स्नायू साथ सोडतात. बाहुल्या पसरल्या तरी स्टेथो लावला की छातीत खळखळ चालूच असायची. माझं म्हणणं असं, की डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट करत न्यायचा, छाती कोरडी झाली, काख कोरडी झाली, नाडी आणि बीपी वर आलं की थांबायचं, आणि मग ड्रिपवर ठेवायचं. हे नेहमीच्या पद्धतीपेक्षा चांगलं की नाही ते रीतसर तुलना करून बघू. एथिक्स कमिटीसाठी मी मसुदाही लिहिला होता.

तयारी म्हणून जे चाललंय त्याचीच नोंद सुरू केली. आमच्या इनचार्ज सिस्टरांनी एका लांबट रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने रकाने आखले: वेळ, डोस, छाती, काख, नाडी, बीपी, बाहुली. काखेत गॉजचा तुकडा धरून घाम बघायची युक्ती त्यांचीच. त्या वहीमुळे एक गोष्ट आपोआप झाली. रकाना भरायचा म्हणून कुणी ना कुणी दर पाच मिनिटांनी पेशंटच्या छातीला स्टेथो लावू लागलं. एरवी तासतासभर कुणी फिरकत नसे.

मला धीर आला होता तो एका पेपरमुळे. डिसेंबर २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पॅमवरची (प्रॅलिडॉक्सिम, ओपीवरचं दुसरं औषध) एक ट्रायल, म्हणजे उपचारांची तुलना करणारी चाचणी, छापून आली होती, कीर्ती पवार आणि सहकाऱ्यांची. हॉस्पिटल कुठलं, तर बारामतीचं. पेशंट २००. सगळ्यांना आधी दोन ग्रॅम पॅम, मग अर्ध्यांना दर चार तासांनी एक ग्रॅम आणि अर्ध्यांना दर तासाला एक ग्रॅम सलग ड्रिपने, ४८ तास. सलग ड्रिपच्या गटात शंभरात एक मृत्यू, दुसऱ्या गटात आठ. श्वासासाठी घशात नळी घालायची वेळ ६४ जणांवर आली, दुसरीकडे ८८ जणांवर. जर्नल क्लबला मी तो पेपर वाचला तेव्हा खोलीतल्या निम्म्या लोकांना बारामती हे नाव लॅन्सेटमध्ये बघूनच नवल वाटलं. मला मात्र वाटलं, बारामतीत होतं तर इथे का नाही?

सरांनी राउंडवर सगळ्यांसमोर वही हातात घेतली. म्हणाले, ‘पेशंट मरतोय आणि तू रकाने भरतेस? संशोधन बाहेरच्या देशात होतं. इथे सेवा करायची.’ रजिस्टर त्याच दिवशी बंद झालं, मसुदा कमिटीपर्यंत पोचलाच नाही. थीसिसला मला सीरम कोलिनेस्टरेज (ओपीने रक्तात कमी होणारं एन्झाइम) आणि आजाराची तीव्रता हा विषय मिळाला, जो आदल्या बॅचमध्येही कुणीतरी केला होता.

२०१२ मध्ये नेमक्या त्याच प्रश्नावरची ट्रायल छापून आली, बांगलादेशातल्या चितगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजमधून. पेशंट १५६. ठरावीक बोलसच्या गटात मृत्यू २२.५ टक्के, दुप्पट करत जाणाऱ्या डोसच्या आणि ड्रिपच्या गटात ८ टक्के. सरासरी अडीच तासांऐवजी चोवीस मिनिटांत पेशंट अ‍ॅट्रोपिनखाली आला, म्हणजे छाती कोरडी होऊन नाडी-बीपी वर आलं. ना महागडं मशीन, ना नवं औषध. तिथेही गर्दी होती आणि खाटांची ओढाताण होती. तो पेपर वाचून मला जेवण गेलं नाही. आमच्या वॉर्डातून हे उत्तर निदान दोन वर्षं आधी मिळालं असतं, आणि त्या दोन वर्षांत आमच्याकडे आलेली माणसं डोळ्यांसमोर येत राहिली.

म्हणून सेवा वेगळी आणि संशोधन वेगळं, हे म्हणणं मला साफ नामंजूर आहे. त्या वॉर्डात प्रयोग रोज चालूच होता, फक्त त्याची नोंद नव्हती. पेशंटला कुठली पद्धत मिळणार हे तो कुठल्या वारी आला त्यावर ठरत होतं.

‘घाईगर्दीत कसलं संशोधन’ म्हणणाऱ्यांना मी २०२० ची आठवण देते. कोविडमध्ये लोक बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी रात्रंदिवस फोन फिरवत होते. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) त्याच धामधुमीत देशभरातल्या ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर प्लाझ्माचीच ‘प्लासिड’ ट्रायल केली. आजार बळावणं किंवा मृत्यू, हे प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के, न दिलेल्यांत १८. म्हणजे उपयोग शून्य. प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून निघायला मात्र मे २०२१ उजाडला. आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर? विंचूदंशाने फुफ्फुसात पाणी भरून माणसं दगावत होती, त्यांनी पेशंटशेजारी बसून लक्षणं टिपली, १९८२ मध्ये लॅन्सेटला छापून आणली आणि पुढे प्राझोसिनसारखी स्वस्त गोळी वापरात आणली. हे कुठल्या परदेशी विद्यापीठात घडलेलं नाही.

तुमच्या नेमक्या प्रश्नाबद्दल: इथे राहून होतं. पण संशोधन हे करिअर म्हणून, म्हणजे त्याचाच पगार घेऊन, आपल्याकडे फार थोड्या जागी होतं. बहुतेकांना आयसीयू सांभाळूनच करावं लागतं. मी आज खाजगी हॉस्पिटलात आहे, बऱ्याच हॉस्पिटलांच्या एकत्रित ट्रायल्समध्ये आमचं युनिट पेशंट घेतं आणि त्या कामाचे तास माझ्या पगारात धरलेले नाहीत. डीएम करा किंवा डीआरएनबी (दोन्ही एमडीनंतरच्या सुपरस्पेशालिटी पदव्या), जागेचं नाव बघून जाऊ नका; तिथे स्टॅटिस्टिशियन उठून भेटायला जाता येईल इतका जवळ आहे का ते बघा. पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी झालीच पाहिजे. प्रमोशनसाठी पेपर पाडायच्या फंदात पडू नका, त्याने कुणाचाही ताप उतरत नाही.

एक सांगायला हवं. बारामतीची ट्रायल एकाच हॉस्पिटलची होती. २००९ मध्ये श्रीलंकेत २३५ पेशंटवर पॅमची तुलना नुसत्या सलाईनशी केली, तर पॅमच्या गटात मृत्यू २४.८ टक्के आणि सलाईनच्या गटात १५.८. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा काही दिसला नाही, आणि पॅमचा वाद आजही मिटलेला नाही. चितगावची ट्रायलही एकाच ठिकाणची. त्यामुळे एका हॉस्पिटलच्या छोट्या ट्रायलवर भाळू नका, माझ्या आवडत्या ट्रायल्सवरसुद्धा. बाहेर जाणं वाईट, असंही मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या आयसीयूंनी एकत्र येऊन ज्या शिस्तीने ट्रायल्स केल्या, ती शिस्त दोन वर्षं जवळून बघायला मिळाली तर जरूर जा. मात्र प्रश्न इथून घेऊन जा. ओपी, विंचू, साप, टिटॅनस, डेंग्यू यांचे प्रश्न आपल्याच खाटांवर आहेत.

आणि जिथे सीट घ्यायचा विचार आहे तिथल्या हेडना मुलाखतीत तोंडावर विचारा, की रेसिडेंटच्या रोस्टरमध्ये संशोधनाचे तास लिहिलेले असतात का. ‘ड्युटी संपल्यावर काय करायचं ते करा’ असं उत्तर आलं तर तिथली सीट घेऊ नका, कॉलेज कितीही मोठं असो.