ग्रिनेलसारख्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात माझ्या मुलीला प्रवेश मिळण्याची शक्यता किती टक्के आहे?

तुम्ही दिलेली माहिती अशी : मुलगी नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्य मंडळाच्या बारावी विज्ञान शाखेत आहे; दहावीला ९५ टक्के, अकरावीला ७९ टक्के, अमेरिकी कॉलेजांच्या प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेत १६०० पैकी १४३०; हौशी नाटकांत काम करते आणि दोन वर्षांपासून गोदावरीच्या पाण्याचे नमुने तपासते; तुम्ही वर्षाला फार तर १५ लाख रुपये देऊ शकता. मी कनिष्ठ महाविद्यालयात २२ वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि परदेशी अर्ज करणाऱ्या मुलांची शिफारसपत्रे व प्रमाणित गुणपत्रके पाठवण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडेच होते. त्या अनुभवावर विसंबून हे उत्तर देत आहे.

आकडाच हवा असेल तर शंभरात चार-पाच, असा माझा अंदाज आहे. मात्र तो तुमच्या मुलीच्या गुणांमुळे इतका खाली आलेला नाही.

ग्रिनेल हे अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एका लहान गावातले, १८४६ साली स्थापन झालेले लिबरल आर्ट्स कॉलेज, म्हणजे विज्ञान, साहित्य, कला असे सगळे विषय एकत्र शिकवून पदवी देणारे. एकूण विद्यार्थी सुमारे १,७००, म्हणजे दरवर्षी नव्याने घेतले जाणारे साडेचारशेच्या आतबाहेर, आणि त्यांत परदेशी विद्यार्थी साधारण पाचवा-सहावा हिस्सा. साऱ्या जगासाठी मिळून सत्तर ते नव्वद जागा उरतात. अलीकडे एकूण अर्जदारांपैकी शंभरात दहा ते पंधरा जणांना प्रवेश मिळतो, हे तुम्ही वाचले असेल. पण तो आकडा अमेरिकी विद्यार्थ्यांसह काढलेला आहे. अमेरिकी अर्जदाराचा निर्णय करताना ग्रिनेल त्याची ऐपत पाहत नाही, परदेशी अर्जदाराची मात्र पाहते. अशा पद्धतीला तिकडे ‘नीड-अवेअर’ म्हणतात. एकदा प्रवेश दिला की मान्य केलेली सगळी आर्थिक गरज कॉलेज भागवते, आणि नेमके म्हणूनच प्रवेश देताना हात आखडता घेते.

आता हिशेब करून पाहा. शिक्षण, राहणे आणि जेवण धरून वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरहून अधिक आहे. तुमच्या १५ लाखांचे सुमारे सतरा हजार डॉलर होतात. उरलेले वर्षाला साठ हजारांहून जास्त, म्हणजे चार वर्षांत सुमारे अडीच लाख डॉलर, तुम्ही कॉलेजकडे मागत आहात. तेवढी रक्कम ज्या थोड्या परदेशी मुलांवर खर्च करायची ती निवडताना समिती किती काटेकोर असेल, हे वेगळे सांगायला नको. म्हणून ‘आधी पूर्ण पैसे भरू असे लिहू, आत गेल्यावर मदत मागू’ हा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. पहिल्या अर्जात मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला बहुतेक कॉलेजे पुढे ती देत नाहीत. ॲमहर्स्ट आणि बोडिन ही कॉलेजे परदेशी अर्जदाराचीही ऐपत पाहत नाहीत, हे खरे. मात्र तिथे पैशाने अडणारे दार गर्दीने अडते.

बहुतेक कॉलेजे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे माहितीपत्रक प्रसिद्ध करतात. त्यात सी-७ मध्ये गुण, निबंध, शिफारसपत्रे इत्यादींना कॉलेज किती वजन देते ते असते, सी-९ मध्ये एसएटीचे गुण आणि एच-६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना दिलेली मदत. समुपदेशकाला लाखभर रुपये देण्याआधी पाच-सहा कॉलेजांची ही पाने शांतपणे वाचा. ग्रिनेलला एसएटी सक्तीची नाही. १४३० हा गुण तिथे आलेल्या मधल्या निम्म्या मुलांच्या गुणांच्या पट्ट्यात खालच्या टोकाजवळ पडेल, तेव्हा तो कळवायचा की नाही ते पान पाहून ठरवा.

अकरावीच्या ७९ टक्क्यांची चिंता तुम्हाला वाटते तेवढी मला वाटत नाही. अकरावीची परीक्षा महाविद्यालय स्वतः घेते आणि ९५ वरून ७९ वर येणारी मुले वर्गात निम्मी तरी असतात. पण आयोवात बसलेल्या वाचकाला हे कोण सांगणार? त्यासाठी अर्जासोबत महाविद्यालयाने एक पानाची माहिती जोडायची असते : तुकडीत किती मुले, किती जणांना ८० च्या वर गुण, गुणपद्धती कशी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे पान तयार नसते. तुम्ही मसुदा करून द्या, प्राचार्य सही करतील.

खरी अडचण शिफारसपत्राची आहे. आपली मुले दहावीनंतर शाळा सोडतात, अर्ज करताना नव्या महाविद्यालयात त्यांना जेमतेम सव्वा वर्ष झालेले असते, आणि महाविद्यालयाशी जोडलेला ‘इंटिग्रेटेड’ खासगी क्लास लावला असेल तर प्राध्यापकांनी मुलीचा चेहराही धड पाहिलेला नसतो. मग ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे ठरलेले उत्तर मिळते. मीही सुरुवातीला असे केले आहे. एका हुशार मुलाबद्दल ‘आज्ञाधारक, कष्टाळू व वक्तशीर’ एवढेच तीन ओळींत लिहून दिले. त्याला नकार आला त्याचे कारण तेवढेच होते असे नाही, पण ते पत्र आठवले की आजही संकोच वाटतो. शिक्षकाने भरायच्या नमुन्यात पत्राशिवाय एक तक्ताही असतो, ज्यात बौद्धिक कुवत, लेखन, वर्गातील सहभाग अशा गुणांपुढे ‘सरासरीपेक्षा कमी’पासून ‘माझ्या कारकिर्दीतील मोजक्यांपैकी एक’ इथपर्यंतच्या रकान्यांत खूण करायची असते. वीस जणांच्या वर्गात शिकवणाऱ्या कॉलेजाला ही मुलगी वर्गात काय विचारील, हेच जाणून घ्यायचे असते. तुमच्या मुलीने गोदावरीचे नमुने कुठल्या घाटावरून घेतले, पावसाळ्यात आकडे का बदलले, चूक कुठे झाली, हे ज्यांच्याशी ती बोलली असेल असे शिक्षक शोधा, मग ते दहावीच्या शाळेतील का असेनात.

अर्जात उपक्रमांच्या दहा चौकटी असतात, प्रत्येकीत वर्णनाला १५० अक्षरे. नाटक आणि नदी या दोन नीट भरल्या तरी पुरे. पैसे भरून मिळालेली ‘आंतरराष्ट्रीय’ ऑलिम्पियाडची प्रमाणपत्रे आणि अकरावीत काढलेली संस्था यांचा वाचणाऱ्यांना वीट आला आहे.

ग्रिनेल ठेवा, पण यादीत मदत देणारी आठ-दहा कॉलेजे असू द्या आणि सोनीपतचे अशोका विद्यापीठ व पुण्याचे फ्लेम यांचेही अर्ज भरा. नोव्हेंबरमधला ‘अर्ली डिसिजन’चा, म्हणजे लवकर निकाल देणारा, अर्ज बंधनकारक असतो, प्रवेश मिळाला तर तिथेच जावे लागते; दिलेली मदत अपुरी पडली तर त्यातून सुटता येते, तरी तो एकाच कॉलेजाला करता येतो. त्या तारखेला पोहोचायचे असेल तर पत्र लिहिणाऱ्या शिक्षकांना गणपतीच्या सुट्टीआधी भेटा, कारण पत्र त्यांनी स्वतःच्या ई-मेलवरून चढवायचे असते आणि पुष्कळांना त्याची सवय नसते.