डिसेंबरात माइल्सवर मेलबर्नला जायचंय, तर बुकिंग नेमकं कधी करावं?

तुमच्याकडे क्रिसफ्लायरचे, म्हणजे सिंगापूर एअरलाइन्सच्या प्रवासी योजनेचे, माइल्स (तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट) साठलेत, पुढच्या डिसेंबरात आई-बाबांना घेऊन मुंबईहून सिंगापूरमार्गे मेलबर्नला जायचंय, आणि आत्ताच बुक करावं की थोडं थांबावं, असं तुम्ही विचारलंय. तीन सीट हव्यात, त्यात ऑस्ट्रेलियातल्या शाळांच्या सुट्ट्या. अजिबात थांबू नका.

सिंगापूर एअरलाइन्सचं बुकिंग उड्डाणाच्या ३५५ दिवस आधी उघडतं. म्हणजे २० डिसेंबरला निघायचं असेल, तर आदल्या वर्षीच्या ३० डिसेंबरला. घोळ होतो तो परतीचा. १० जानेवारीचं परतीचं विमान त्या दिवशी दिसतच नाही, ते उघडतं २० जानेवारीला. मग वाटतं, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, जाणं-येणं एकदमच काढू.

मी दुसऱ्या एका कंपनीच्या माइल्सवर नेमकं हेच केलं होतं. परतीचं बुकिंग उघडेपर्यंत जायच्या विमानात एकच सीट उरली. शेवटी आई एका दिवशी गेली आणि बाबा दुसऱ्या दिवशी. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. आई अनोळखी विमानतळावर एकटी गेट शोधत होती, ती रात्र मला अजून आठवते. म्हणून सांगतो, जायचं तिकीट एकेरी काढा, त्याच दिवशी काढा. परतीचं तीन आठवड्यांनी वेगळं. बेत बदललाच तर शुल्क भरून रद्द करता येतं, माइल्स परत जमा होतात.

माइल्सवरच्या तिकिटांचे सेव्हर आणि ॲडव्हांटेज असे प्रकार असतात. आधी सेव्हर बघा. माइल्स कमी लागतात, पण सीटही मोजक्याच असतात. सेव्हर वेटलिस्टवर दिसलं आणि ॲडव्हांटेज मिळत असलं, तर आई-बाबांसाठी मी जास्त माइल्स देऊन ॲडव्हांटेजच घेईन. वेटलिस्टच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसांचा प्रवास ठेवू नये.

माइल्स कमी पडत असतील आणि क्रेडिट कार्डाचे पॉइंट माइल्समध्ये वळवणार असाल, तर ते आठवडाभर आधी वळवा. ते लगेच जमा होतातच असं नाही. मात्र तारीख पक्की नसताना वळवू नका, कारण एकदा वळवलेले पॉइंट कार्डावर परत येत नाहीत आणि माइल्सची मुदत ३६ महिन्यांची असते. टॅक्स वगैरे वेगळे भरावे लागतात, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

शेवटच्या दोन आठवड्यांत न विकल्या गेलेल्या सीट कधी कधी माइल्सवर सुटतात, हे खरं आहे. एकट्या माणसाला, तारखेचा आग्रह नसेल तर, ते छान जमतं. एकाच विमानात तीन सीट, तेही नाताळात? त्याची वाट मी बघणार नाही.

कॅलेंडरवर आजच दोन्ही तारखा लिहून ठेवा, जाण्याची वेगळी आणि येण्याची वेगळी.