किराणा महिन्यातून एकदा भरायचा की रोज थोडा थोडा? ताई, आधी कार्डाचं स्टेटमेंट उघडा

एका ताईंचं पत्र आलंय. घरात चौघं, नवरा बायको दोघंही कमावतात, दोन मुलं शाळेत. त्यांचा प्रश्न असा: "आम्ही आठवड्यातून पाच वेळा तरी दुकानात जातो. मिस्टरांचं म्हणणं की होलसेल दुकानाचं वार्षिक सदस्यत्व घेऊन महिन्याचा सगळा माल एकदाच भरावा, पेमेंट क्रेडिट कार्डावर करावं म्हणजे 2 टक्के कॅशबॅकही मिळेल. माझ्या मैत्रिणीचा असं केल्यावर एक तृतीयांश खर्च वाचला. आमचा तेवढा वाचला तर त्या पैशांत मावसभावाकडून अजून एक पॉलिसी घ्यायचा विचार आहे. करावं का?" आणि मग अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: "कार्डाची थोडी जुनी शिल्लक आहे, घर बदललं तेव्हाची, पण त्याचं टेन्शन नाही, मिनिममपेक्षा आम्ही नेहमी जास्तच भरतो आणि व्याज असं वेगळं काही द्यावं लागत नाही."

ताई, तुमचा प्रश्न किराण्याचा आहे, त्याचं उत्तर देतोच, पण मला झोप उडवणारं वाक्य ते शेवटचं आहे.

तुम्ही खरे आकडे छापू नका म्हणालात, म्हणून दोघांचा मिळून महिन्याचा हातात येणारा पगार 100 धरतो आणि बाकी सगळं त्याच मापात सांगतो. किराणा 26. कार्डावरची शिल्लक (न फिटलेली उधारी) 150, म्हणजे दीड महिन्याचा पगार. आधीच घेतलेल्या पॉलिसीचा हप्ता दरमहा 10. किराणा आत्ताही कार्डावरच जातो आणि कार्डाला तुम्ही महिन्याला साधारण 30 भरता.

आधी किराणा. तुम्ही महिनाभराच्या पावत्यांचे फोटो पाठवलेत त्याबद्दल मनापासून आभार, एवढं नीट कोणी पाठवत नाही. 22 पावत्या आहेत. मी बसून त्या वेगळ्या केल्या. दोन मोठ्या पावत्या मिळून 13 च्या, त्यात धान्य, तेल, साबण, घरातलं नेहमीचं सामान. उरलेल्या 20 छोट्या मिळून पण 13 च्याच. या वीसात दूध, भाजी, फळं असा खराखुरा गरजेचा माल 7 चा आणि बाकीचे 6 म्हणजे जे घ्यायला तुम्ही गेलाच नव्हता ते. एक पावती मी बराच वेळ बघत बसलो, संध्याकाळी 7:42 ची, पहिल्या ओळीत दूध आणि त्याखाली सहा ओळी खाऊच्या, त्यातला एक मोठा पॅक 'एकावर एक'. ऑफिसातून थेट, भुकेल्या पोटी, बहुतेक मुलं सोबत. याच्यात कमीपणा वाटून घेऊ नका, दुकानं बांधलीच तशी असतात. सिल्व्हन गोल्डमन नावाच्या अमेरिकन दुकानदाराने 1937 मध्ये चाकांची ट्रॉली आणली ती याच हिशोबाने, की हातातली टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवतो. सुरुवातीला लोक ट्रॉली घेईनात तर त्याने माणसं पगार देऊन दुकानात ट्रॉली ढकलत फिरवली. तेव्हा दूध आणायला जाताना हातात पिशवी घ्या, ट्रॉलीला हात लावू नका, आणि जमलं तर पोटात काहीतरी टाकून जा.

आता मैत्रिणीचा एक तृतीयांश. ताई, तो आकडा विसरा. 26 मधले जवळजवळ 9 वाचवायचे तर ते 6 पूर्ण बंद करून वर गरजेच्या मालातूनही 3 काढावे लागतील, आणि मुलं असलेल्या घरात ते दोन महिने चालतं, तिसऱ्या महिन्यात सगळं पहिल्यासारखं. फेऱ्या पाचवरून दोनवर आणल्या, दिवस ठरवून, यादी करून, तर त्या 6 मधले 2 वाचतील, फार तर अडीच. मी हाच आकडा धरणार.

होलसेलचं काय? एकदम भरण्यासारखा माल तुमच्याकडे 13 चा. त्यावर खरोखर 5 टक्के स्वस्त पडलं, आणि हे प्रत्येक वस्तूला खरं नसतं, मोठ्या पॅकवरचा दर किलोमागे काढून बघितल्याशिवाय मानू नका, तर महिन्याला 0.65, वर्षाला 8 च्या जवळ. सदस्यत्वाची फी तुम्ही लिहिलीये ती या मापात 3 होते. राहिले 5. वर्षभराचे. पण ताज्या मालाला हात लावाल तर हे 5 पण जातील. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये दिलेल्या अहवालात 2022 सालचा अंदाज आहे, जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घरांमधून. हॉटेलं, दुकानं नंतर. फ्रिजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये पिशवीत पाणी सुटून काळी पडलेली भाजी सगळ्यांनीच बघितलीये, ती स्वस्तात आणलेली होती हे आठवून काही फायदा नसतो. म्हणजे टिकाऊ माल महिन्यातून एकदा, दूध भाजी आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. आणि भरायच्या आधी कपाट उघडून बघायचं, जुना डबा पुढे, नवीन मागे.

आणि 26 टक्के हे ऐकून घाबरूही नका. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्येच मांडलंय की मिळकत जेवढी कमी तेवढा त्यातला अन्नाचा वाटा मोठा. चौघांच्या घरात, मुलं वाढत्या वयाची, 26 जास्त आहेत की कमी हे शेजारच्या घराशी तुलना करून कळत नाही. तुमचं घर किराण्याने पोखरलेलं नाही.

पोखरलंय ते कार्डाने. आता नीट वाचा.

तुम्ही पाठवलेल्या स्टेटमेंटच्या दुसऱ्या पानावर, खरेदीची यादी संपते तिथे एक ओळ आहे, 'फायनान्स चार्जेस'. ते व्याज. वेगळं भरायला लागत नाही कारण ते शिल्लकेत मिसळून टाकलेलं असतं. दर तिथेच छापलाय, महिन्याला 3 टक्के. ऐकायला लहान वाटतं, पण व्याजावर व्याज धरून वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं. 150 वर 3 टक्के म्हणजे महिन्याला 4.5. होलसेलमधून वर्षभर घासाघीस करून वाचणार 5, आणि कार्डाला दर महिन्याला जाताहेत 4.5. वर्षाचे 54, अर्ध्या महिन्याच्या पगाराहून जास्त, आणि त्याच्या बदल्यात घरात काहीच येत नाही.

तुम्हाला वाटतं 26 चा किराणा कार्डावर टाकतो आणि 30 भरतो म्हणजे 4 ने जुनं फिटतंय. नाही फिटत. ते 4 व्याजातच जातात आणि वर अर्धा शिल्लकेला चिकटतो. गेल्या वर्षीचं स्टेटमेंट तुम्हीच जोडलंय, शिल्लक 144 होती, आज 150 आहे. वर्षभर इमाने इतबारे भरूनही 6 ने वाढली. आणि मिनिममचा तो आकडा, म्हणजे बिलावर 'निदान एवढं तरी भरा' म्हणून छापलेला, तुमच्या कार्डावर शिल्लकेच्या 5 टक्के, तो तुमच्या सोयीसाठी नसतो. नवीन काहीही खरेदी न करता नुसतं मिनिमम भरत राहिलात तरी 150 चे 75 व्हायला अडीच वर्षांहून जास्त लागतात. निम्मे व्हायला!

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही, कॅशबॅकच्या जाहिरातीत तर नाहीच. कार्डावरच्या खरेदीला महिना दीड महिना व्याज नसतं हे खरं, पण ते कोणाला, जो मागचं सगळं बिल तारखेच्या आत भरतो त्याला. शिल्लक पुढे ओढली की बहुतेक कार्डांवर ही बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीवर घेतल्या दिवसापासून व्याज चालू होतं. म्हणजे तुमचं परवाचं दूध पण 3 टक्क्यांनी आलंय, ते नासायच्या आधी त्याचं व्याज सुरू. आणि यात मिस्टरांच्या योजनेचा उलटा परिणाम बघा, 26 चा माल महिनाभर थोडा थोडा घेतला तर सरासरी अर्धा महिना व्याज लागतं, तेच पहिल्या तारखेला एकदम कार्डावर भरला तर पूर्ण महिना. जवळजवळ 0.4 जास्त. कॅशबॅक मिळणार 0.5. कुठे कमावलं आपण?

आता मावसभाऊ. त्यांच्याकडून आधी घेतलेल्या पॉलिसीची कागदपत्रं बघितली. दरमहा 10, 20 वर्षं, म्हणजे 2400 भरायचे आणि शेवटी अंदाजे 3600 मिळणार, तेही बोनस जाहीर झाले तर. त्यांनी तुम्हाला सांगितलं "50 टक्के फायदा". याचा मला राग येतो, आणि मी तो लपवत नाही. 20 वर्षांत दीडपट, हप्ते भरत भरत, म्हणजे वर्षाला जेमतेम पावणेचार टक्के. महागाईसुद्धा भागेल का सांगता येत नाही. आणि विमा किती, तर दोन वर्षांच्या पगाराएवढा. उद्या दोघांपैकी एकाचं काही झालं तर मुलांची शाळा सुद्धा पूर्ण होणार नाही त्यात. बचत म्हणून कमजोर, विमा म्हणून अपुरी, आणि असलीच अजून एक घ्यायची म्हणताय. ज्याने विकली त्याने कार्डाची शिल्लक आहे का एवढं तरी विचारायला हवं होतं. 42 टक्क्यांनी उधार घेऊन पावणेचार टक्क्यांत ठेवताय तुम्ही, दर महिन्याला, चार वर्षं.

दुसरी पॉलिसी नाही. पहिलीचं काय करायचं ते क्रमाने करा, घाई नको. आधी दोघांनी साधा टर्म विमा घ्या, त्यात शेवटी परत काही मिळत नाही म्हणूनच तो स्वस्त असतो, आणि तो मंजूर होऊन कागद हातात आल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही. मग कंपनीकडून लेखी मागवा, आज सरेंडर केली, म्हणजे मोडून पैसे परत घेतले, तर किती आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर तशीच चालू ठेवली, तर किती. मावसभावाकडून तोंडी नको, कंपनीकडून लेखी. चार वर्षांत 480 भरलेत. तोटा होईल, आधीच सांगतो, भरले तेवढे येणार नाहीत. पण त्यातून 150 जरी हातात येत असतील तर कार्ड त्या दिवशी शून्य होतं, आणि 42 टक्क्यांचं कर्ज फिटणं याच्याइतकी खात्रीची कमाई मी तुम्हाला दुसरीकडे कुठे दाखवू शकत नाही. सरेंडर फारच कमी निघाली तर पेड-अप करा आणि हप्त्याचे 10 कार्डाकडे वळवा.

तो हिशोबही करून ठेवलाय. कार्ड कपाटात. किराणा पगाराच्या खात्यातून, डेबिटने किंवा रोख. आत्ता कार्डाला जे 30 जातात त्यातले 26 चालू किराण्याला लागतील, उरले 4. पॉलिसीचे 10. दोन फेऱ्यांमुळे वाचलेले 2. झाले 16. टर्म विम्याचा हप्ता यातून थोडा जाईल, साधारण 1 धरा, राहिले 15. महिन्याला 15 गेले तर 150 एका वर्षात फिटतात. किराण्यातले 2 वाचलेच नाहीत तरी अजून दोन महिने, एवढाच फरक. कार्डाच्या निम्म्या दरात कुठून कर्ज मिळत असेल, ऑफिसच्या सोसायटीचं किंवा बँकेचं, तर ते काढून कार्ड एकदम बंद केलं तर अजून लवकर सुटाल, पण मी असे लोक बघितलेत ज्यांनी कर्ज काढून कार्ड रिकामं केलं आणि सहा महिन्यांत कार्ड परत भरलं, मग दोन्ही अंगावर. तुमच्या घरात तसं होणार नाही याची मिस्टरांशी बोलून खात्री असेल तरच.

पहिला महिना अवघड जाईल, कारण आत्तापर्यंत या महिन्याचा किराणा पुढच्या पगारातून जात होता आणि आता या महिन्याचा याच महिन्यात. म्हणून होलसेलचं सदस्यत्व या वर्षी घेऊच नका, घरात मोठा साठा करायला रोख लागते आणि तुमची रोख आत्ता कार्डाला हवी आहे. कार्ड संपल्यावर घ्या, तेव्हा ते 5 खरेच वाचतील.

मावसभावाला काय सांगायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण तो मनात असणार, नात्यातल्या माणसाला नाही म्हणणं किती जड जातं हे मला माहितीये. त्यांना सांगा, कार्डाची शिल्लक शून्य झाली की विचार करू. खोटं नाही ते. तोपर्यंत दर महिन्याचं स्टेटमेंट आलं की पहिलं पान सोडा, थेट दुसऱ्या पानावरची ती फायनान्स चार्जेसची ओळ बघा आणि तो आकडा किराण्याच्या यादीच्या डोक्यावर पेनाने लिहा. तीन महिन्यांची स्टेटमेंटं झाली की मला परत पाठवा, पॉलिसीचं लेखी उत्तर आलं तर त्याच्या आधीच पाठवा.