मुलगी बुरशीत अडकलीय की तुम्ही नीटमध्ये?

प्रश्न : मुलगी कोल्हापुरात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीट दोनदा दिली, थोडक्यात हुकली. आता रात्री उशिरापर्यंत ‘फंगीडीबी’ नावाच्या साइटवर बुरशींची जनुकं जुळवत बसते. म्हणते, यातच एम.एस्सी. करणार. नेटवर फुकट मिळणाऱ्या माहितीवर कसलं करिअर? पदवी सोडून पुन्हा नीट द्यायला तिला समजवा. – एक पालक, राजारामपुरी

उत्तर : तुमचं लांबलचक पत्र वर थोडक्यात छापलंय. मूळ पत्रात दोन्ही वेळच्या मार्कांचा हिशेब आहे, साडूंचं मत आहे, शेजारचा मुलगा एमबीबीएसला लागला तेही आहे. ती नक्की काय जुळवते हे तिला कधी विचारलंत, असं मात्र कुठंच नाही. चालू पदवी मोडून तिसऱ्यांदा नीट? डॉक्टर नक्की कुणाला व्हायचंय, हे आधी घरात ठरू दे. ‘थोडक्यात हुकली’वर क्लासवाल्यांचं पोट भरतं, पोरांचं वय जातं.

आता त्या ‘फुकट’बद्दल. माहिती फुकट आहे. तिच्यातलं काय खरं मानायचं, हे कळायला वर्षं लागतात. यीस्ट हीही एक बुरशीच. तिचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, १९९६ मध्येच वाचून झाला. जनुकं सहा हजारांच्या आसपास. तरी त्यातल्या कित्येकांचं काम आजही कळलेलं नाही. ऊसवाल्या कुणालाही विचारा, तांबेरा या बुरशीच्या रोगावर प्रॉपिकोनॅझोल हे औषध मारतात. बुरशीच्या पेशीला आवरणासाठी एर्गोस्टेरॉल लागतं. ते बनवणारं एक विकर (एन्झाइम) हे औषध अडवतं. यीस्टमध्ये त्या विकराचं जनुक एकच, ईआरजी-११. माणसाच्या फुप्फुसात शिरणाऱ्या अ‍ॅस्परजिलस फ्युमिगाटस या बुरशीत मात्र त्याच कामाची दोन जनुकं आहेत, सीवायपी-५१ए आणि ५१बी. एक काढलं तरी बुरशी जगते, दोन्ही काढली की मरते. म्हणजे यीस्टमध्ये जे जनुक काढताच येत नाही, त्याचाच जोडीदार इथं एकटा काढला तर चालतो. शिवाय या साइटवर जनुकापुढं लिहिलेलं काम पुष्कळदा कुणी प्रयोगानं तपासलेलं नसतं, नुसत्या साम्यावरून संगणकानं चिकटवलेलं असतं. शेजारी पुराव्याचा प्रकार दिलेला असतो, पण तो बघायची सवय फार थोड्यांना असते. अशी सवय असलेलं माणूस औषध कंपनीला लागतं, ऊस संशोधनालाही लागतं.

तिलाही सुनावतो. नुसतं क्लिक करत बसून भागणार नाही. पायथन ही संगणकाची भाषा आणि संख्याशास्त्र शिकायला हवं, प्रयोगशाळेतल्या पेट्री डिशला हातही लागायला हवेत. प्रयोगशाळेचा कंटाळा म्हणून लॅपटॉप धरला असेल, तर फसगत होईल.

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी आयआयटी-जॅम, गॅट-बी, सीयूईटी-पीजी या परीक्षा आहेत; शिवाजी विद्यापीठ तर दारातच आहे. पुढं संशोधनासाठीची नेट-जेआरएफ मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये फेलोशिप. पैसा उशिरा येतो, हे लपवत नाही. पीएच.डी.शिवाय मोठी जागा अवघड.

या रविवारी तिच्या शेजारी बसा. ईआरजी-११ शोधायला सांगा आणि कुठल्या ओळीवर तिचा विश्वास नाही, ते विचारा. तिला सांगता आलं, तर नीटचा विषय बंद करा. नाही आलं, तरी पदवी पुरी होऊ द्या. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तिच्या मेलवरून.