रॅक आणि टाय रॉड अपग्रेड: हप्त्यावर घ्यायचं, शिल्लक मोडायची की थांबायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. गाडी फोर बाय फोर, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, रॅक अँड पिनियन स्टीअरिंग (स्टीअरिंग फिरवलं की रॅक नावाचा दातेरी दांडा डावी-उजवीकडे सरकतो आणि त्याच्या टोकांचे टाय रॉड चाकं वळवतात), 2 इंच लिफ्ट म्हणजे उंच केलेली, टायर 33 चे काढून 35 इंची टाकलेत. मागच्या ट्रेलला, म्हणजे ऑफरोड वाटेवर, चाक दगडांत अडकलेलं असताना डाव्या बाजूचा टाय रॉड वाकला. गॅरेजवाल्याने कंपनीचाच नवा टाकून दिला आणि आता तो म्हणतोय की हे परत होणार, त्यापेक्षा हेवी ड्युटी रॅक आणि जाड टाय रॉड असं पूर्ण किटच टाकून घ्या. किट आणि मजुरी मिळून खर्च तुमच्या दीड महिन्याच्या पगाराइतका. तुम्ही पगारातले 20 टक्के बाजूला टाकता, अडीअडचणीसाठी 2 महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम ठेवलेली आहे, गाडीचं मूळ कर्ज अजून चालू आहे, आणि विचारताय की ही शिल्लक मोडू की दुकानदार देतोय ते 10 टक्के फ्लॅट, 24 हप्ते घेऊ.

माझं उत्तर, दोन्ही नको. पूर्ण किट आत्ता घेऊच नका, एक अपवाद आहे तो खाली सांगतो. पण काही खर्च मात्र याच आठवड्यात करा, त्यावर घरात चर्चासुद्धा करत बसू नका.

आधी हप्त्याचं बघू, कारण लोक तिथेच फसतात. 10 टक्के फ्लॅट म्हणजे 10 टक्के व्याज नाही हो. फ्लॅटमध्ये व्याज पूर्ण मुद्दलावर पूर्ण मुदतीचं लावतात, तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता तरी ते कमी झालेलं धरतच नाहीत. 100 घेतले तर 2 वर्षांचं व्याज 20, एकूण 120, भागिले 24, म्हणजे महिन्याला 5. हाच हप्ता घटत्या शिल्लकीवरच्या कर्जाच्या भाषेत बसवला तर दर साधारण 18 टक्के पडतो. 18 टक्क्यांनी कर्ज काढून गाडीखालचा लोखंडी दांडा घ्यायचा हे मला तरी झेपत नाही, आणि गाडीचं मूळ कर्ज डोक्यावर असताना तर नाहीच. तुमच्या आकड्यात सांगायचं तर दीड पगाराची वस्तू 1.8 पगाराला पडते आणि हप्ता पगाराच्या साडेसात टक्के जातो, म्हणजे जे 20 टक्के तुम्ही साठवताय त्यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग 2 वर्षं गेला.

आता शिल्लक मोडायचं. तुमचा घरखर्च हप्त्यांसकट पगाराच्या 80 टक्के, म्हणजे 2 महिन्यांची शिल्लक झाली 1.6 पगार. त्यातून दीड काढले की उरले 0.1, म्हणजे जेमतेम 4 दिवसांचा खर्च. मुळात 2 महिनेच कमी आहेत, मी एकट्या कमावत्या घराला 6 सांगतो आणि दोघं कमावत असतील तर निदान 3. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, तुमची अडचण आणि गाडीची अडचण एकत्र येण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे, कारण ऑफरोडला गाडी बंद पडली की टो करून म्हणजे ओढून आणणं, दुरुस्ती, बुडालेला कामाचा दिवस, सगळं एकदमच येतं, तेव्हा शिल्लक रॅकमध्ये बसलेली असेल तर त्याचा काय उपयोग, रॅक काही सोमवारी सकाळी टोवाल्याला देता येत नाही.

हे झालं पैशाचं, पण हा निर्णय निव्वळ पैशाचा नाहीये आणि गॅरेजवाला काही खोटं बोलत नाहीये. 35 चा टायर 33 पेक्षा उंचीला 6 टक्केच मोठा असला तरी खरा फरक वजनाचा आणि रुंदीचा असतो, त्यात बाहेर निघालेले ऑफसेटचे रिम असतील तर दगड चाकाला ढकलतो तेव्हा स्टीअरिंगला बसणारा झटका आणखी वाढतो. लिफ्टमुळे टाय रॉड आडवा राहत नाही, तिरका होतो, आणि चाक खाली लोंबलेलं असताना तर जास्तच. अशा वेळी पुढचा लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारा) चालू, चाक दगडात घट्ट, आणि तुम्ही स्टीअरिंग फुल लॉकला, म्हणजे पार टोकापर्यंत, ओढताय, तर पॉवर स्टीअरिंग आपलं काम करतं, पूर्ण जोर रॉडवर टाकतं, आणि आतल्या टाय रॉडचा आटेवाला भाग वाकतो. बहुतेक वेळा रॉड असाच वाकतो. म्हणजे परत होण्याची शक्यता खरंच आहे.

पण इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. कंपनीचा टाय रॉड त्या साखळीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पटकन बदलता येणारा भाग आहे, तो घरातल्या फ्यूजसारखा आहे असं समजा. तुम्ही फक्त जाड टाय रॉड टाकले तर झटका नाहीसा होत नाही, तो पुढे सरकतो, रॅकच्या दांड्यावर, दातांवर, हाउसिंगवर, बुशवर (रॅक ज्यांवर बसवलेला असतो ते रबरी तुकडे), नाहीतर दुसऱ्या टोकाला नकलवर (चाक ज्याच्यावर बसतं तो भाग). म्हणजे स्वस्त तुटण्याऐवजी महाग तुटण्याची सोय झाली. म्हणून अर्धवट अपग्रेड मला पैशाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट वाटतं, आणि लोक नेमकं तेच करतात, कारण टाय रॉड परवडतात आणि रॅक परवडत नाही, मग म्हणतात रॅकचं नंतर बघू. गॅरेजवाला पूर्ण किट म्हणतोय ते त्या अर्थाने बरोबरच आहे.

तुम्हीच लिहिलंय की मागच्या वेळचा खर्च, पार्ट, मजुरी, अलाइनमेंट सगळं धरून, किटच्या साधारण पंधराव्या भागाइतका आला. म्हणजे किटच्या पैशात असे 15 टाय रॉड वाकवता येतात. वर्षातून दोनदा वाकला तरी साडेसात वर्षं झाली, आणि तेवढ्या काळात तुम्ही गाडीच बदललेली असेल. यात टोचा खर्च आणि वाया गेलेली सुट्टी धरा, तरी हिशोब किटच्या बाजूने झुकत नाही. झुकायला एकच गोष्ट पाहिजे, की तुम्ही सारखे कठीण दगडी ट्रेल करताय आणि जिथे वाकला तिथे मदत पोचायला दिवस लागतो. तुम्ही तर लिहिलंय की वर्षातून चार-पाच वेळा जाता आणि नेहमी ग्रुपमध्ये. मग काय घाई आहे?

आता तो अपवाद. टाय रॉड वाकतो तेव्हा कधी कधी रॅकचा आतला दांडाही थोडा वाकतो किंवा सील जातं, आणि नवा टाय रॉड टाकला की बाहेरून सगळं ठीक दिसतं. म्हणून पैशाचा कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी रॅक तपासून घ्या. स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना मध्येच एका जागी जड लागतंय का, बूटमध्ये, म्हणजे रॅकच्या टोकावरच्या रबरी कव्हरमध्ये, तेल आहे का (पॉवर स्टीअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलावर चालणारं असेल तर), बूट फाटलाय का, कारण फाटला की धूळ-पाणी आत जाऊन सगळं खातं. पुढची चाकं उचलून, गाडी नीट स्टँडवर ठेवून, चाक घड्याळातल्या 9 आणि 3 च्या जागी धरून हलवा, ढिलाई जाणवली तर बहुतेक टाय रॉडची, 12 आणि 6 ला धरून हलवल्यावर जाणवली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगची. कोणीतरी स्टीअरिंग थोडं डावं-उजवं करत असताना खालून बघा की रॅक स्वतःच जागेवरून सरकतोय का, सरकत असेल तर बुश गेलेत.

या तपासणीत जर निघालं की रॅक गेलाय, तर सगळं गणित बदलतं. मग तुम्हाला रॅक घ्यावाच लागणार, म्हणजे तुलना किटची पूर्ण किंमत विरुद्ध शून्य अशी राहत नाही, ती होते किट वजा कंपनीचा नवा रॅक. मजुरी आणि अलाइनमेंट दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे उरलेला फरक दीड पगारापेक्षा पुष्कळ कमी असेल, आणि त्या फरकासाठी मी हो म्हणेन. तरीही त्या हप्त्यावर नाही. अशा वेळी शिल्लकीतून घ्या आणि पुढचे महिने बाकी सगळं थांबवून आधी ती भरून काढा, कारण खराब रॅक घेऊन हायवेला गाडी चालवणं हा काटकसरीचा विषय नाही. ढिला टाय रॉड, गेलेला बॉल जॉइंट, फाटका बूट, हे सगळं दुरुस्ती खात्यातलं, ते लगेच. वाकलेला रॉड सरळ करून परत बसवतो असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, एकदा वाकलेल्या लोखंडावर भरवसा ठेवायचा नसतो.

रॅक धडधाकट निघाला तर मी काय करेन सांगतो. अलाइनमेंट पक्की करून घ्या, टाय रॉड बदलल्यावर टो अँगल (पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप) बदलतोच, आणि तो चुकलेला असेल तर 35 चे टायर घासून जातात, ते टायर काय किमतीचे आहेत ते तुम्हाला माहितीये. एक जास्तीचा आतला-बाहेरचा टाय रॉड जोडून, साधारण लांबीला लावून, लागणाऱ्या पान्यांसकट गाडीत ठेवा, आणि तो बदलायचा कसा हे घरी एकदा करून बघा. आतल्या रॉडच्या आट्यांवर बसणारी स्लीव्ह मिळते, तीही किटच्या मानाने फार स्वस्त, तिने रॉड थोडा ताठ होतो, अर्थात तेवढाच भार रॅककडे जातो, पण एवढं चालून जातं. आणि फुकटातला उपाय म्हणजे चाक अडकलेलं असताना स्टीअरिंगशी मारामारी न करणं, आधी थोडं मागे घ्या, स्टीअरिंग सरळ करा, मग वाट बदला. परत 33 वर जा हेही सांगायला हवं, 35 विकून पैसेसुद्धा येतील, पण हे तुमच्या ग्रुपमध्ये बोललात तर काय होईल ते मला माहितीये, म्हणून फार जोर देत नाही.

किट पाहिजेच असेल तर दुकानदाराला द्यायचा तोच हप्ता, पगाराचे साडेसात टक्के, दर महिन्याला वेगळ्या खात्यात स्वतःलाच द्या. 20 महिन्यांत दीड पगार जमतो, व्याज न धरता. म्हणजे 24 हप्त्यांतले 4 वाचले आणि वस्तू रोखीने. फक्त आधी ती 2 महिन्यांची शिल्लक 3 वर न्या, मग हे खातं उघडा. हे खातं छंदाचं, त्यात दुसरं काही मिसळू नका, आणि मध्येच विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) आवडला म्हणून तिकडे वळवलेत तर रॅकची तारीख पुढे गेली, एवढाच नियम. 20 महिन्यांत तुम्हाला हेही कळेल की टाय रॉड खरंच किती वेळा वाकतो, आत्ता तुम्ही एकाच घटनेवरून 15 पट खर्च ठरवताय.

गॅरेजकडून कोटेशन लेखी घ्या, कारण दीड पगार हा आकडा मला पुरा वाटत नाही. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग असेल तर नवा रॅक गाडीच्या कंप्युटरला ओळखवून द्यावा लागतो, स्टीअरिंग अँगल सेन्सर सेट करावा लागतो, ते धरलंय का विचारा. हायड्रॉलिक असेल तर तेल, सील, लागले तर होज. बूट आणि क्लॅम्प किटमध्ये आहेत की वेगळे. रॅक नवा आहे की रिबिल्ट. टाय रॉडची टोकं बंद बॉल जॉइंटची आहेत की उघड्या हाइम जॉइंटची (रबरी कव्हर नसलेला गोळ्याचा सांधा), हे तर नक्की विचारा, कारण हाइम जॉइंट ताकदीला चांगले असले तरी धुळीपाण्यात आणि रोजच्या रस्त्यावर लवकर ढिले होतात, आवाज करतात, म्हणजे तो एकदाचा खर्च नाही, मधून मधून येणारा खर्च आहे. सुटा जॉइंट वेगळा मिळतो का हेही बघा, नाहीतर एका जॉइंटसाठी पूर्ण रॉड घ्यावा लागेल. काढलेला मूळ रॅक चांगला असेल तर टाकू नका, गाडी विकताना अपग्रेडचे पैसे फारसे परत मिळत नाहीत, तेव्हा मूळ पार्ट परत बसवून किट वेगळं विकलेलं जास्त बरं पडतं.

आणि इन्शुरन्स. लिफ्ट आणि 35 चे टायर तुम्ही कंपनीला कळवलेत का ते तुम्ही लिहिलेलं नाही, मला शंका आहे की नसेल कळवलं. न सांगितलेल्या बदलामुळे क्लेम अडू शकतो, आणि स्टीअरिंग हा असा भाग आहे की अपघात झाल्यावर सर्व्हेअर तो बघणारच. वॉरंटी शिल्लक असेल तर तीही याच रांगेत, आणि तुमच्याकडे नोंदणीचे नियम अशा बदलाला मंजुरी मागतात का तेही विचारून घ्या. आहे ते बदल आधी लेखी कळवा, प्रीमियम किती वाढतो ते बघा, आणि तो वाढीव प्रीमियम त्या साडेसात टक्क्यांतूनच जाऊ द्या.